तीन सीटांचे जेट आणि फ्लोरिडाचा रस्ता : डेजेट कंपनीचे प्रकरण

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी. ती उत्तरेला, जॉर्जियाच्या हद्दीजवळ. लोकवस्ती, पैसा, मोठ्या पेढ्या हे सगळे मात्र दक्षिणेत, मायामी ते पाम बीच या किनारपट्टीवर. बोका रॅटनमधल्या एखाद्या वकिलाला राजधानीत दोन तासांच्या कामासाठी जायचे तर रस्त्याने सुमारे सातशे किलोमीटर अंतर, म्हणजे साडेसहा-सात तास स्टिअरिंगवर. विमानाने जायचे म्हटले तर अनेकदा आधी राज्याबाहेर अटलांटाला जायचे, तिथे विमान बदलायचे आणि पुन्हा फ्लोरिडात उतरायचे. काम दोन तासांचे, खर्ची पडणार दोन दिवस आणि एक रात्र हॉटेलात.

फ्लोरिडात लहान विमानतळांना तोटा नाही. धावपट्ट्या आहेत, दिवे आहेत, इंधनाची सोय आहे. फक्त तिथून वेळापत्रकाचे विमान सुटत नाही. चार्टर करून अख्खे जेट घ्यायचे तर एका माणसाच्या कामासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणजे एका बाजूला रस्ता आणि फिरून जाणारी एअरलाइन, दुसऱ्या बाजूला श्रीमंतांचे चार्टर, आणि मधे काहीच नाही. ही मधली जागा भरायला डेजेट ही कंपनी निघाली. २००२ मध्ये तिची स्थापना झाली, ऑक्टोबर २००७ मध्ये तिची विमाने गिऱ्हाईक घेऊन उडू लागली, आणि १९ सप्टेंबर २००८ रोजी सेवा बंद झाली. वर्षही भरले नाही.

हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते, कारण इथे कुणी फसवायला निघाले नव्हते आणि कुणी आळशीही नव्हते. हुशार माणसे होती, गणित खरे होते, गरजही खरी होती. तरीही हे कोसळले, आणि ते कसे कोसळले हे नीट पाहिले तर लहान जेटच्या धंद्याची सगळी यंत्रणा समोर उलगडते.

माणूस

कंपनीचे संस्थापक एड आयाकोबुच्ची मूळचे संगणकातले. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बोका रॅटनमध्ये तयार झाला, १९८१ साली. त्याच आयबीएममध्ये आयाकोबुच्ची यांनी मायक्रोसॉफ्टबरोबरच्या संयुक्त ओएस/टू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाच्या आखणीचे नेतृत्व केले. १९८९ मध्ये बाहेर पडून त्यांनी सिट्रिक्स ही सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि ती मोठी केली. अशा माणसाला विमानाच्या धंद्यात काय दिसले असेल? एक प्रचंड वेळापत्रक दिसले, जे कुणी संगणकावर नीट मांडलेच नव्हते.

एअरलाइन आधी वेळापत्रक छापते आणि मग प्रवासी शोधते. चार्टरवाला आधी प्रवासी शोधतो आणि अख्खे विमान त्याच्या हवाली करतो. आयाकोबुच्ची यांचे म्हणणे असे की वेळापत्रक छापूच नका आणि विमानही अख्खे विकू नका. एक सीट विका, गिऱ्हाइकाला हवी तेव्हा, हवी तिथे. आणि कोण कुणाबरोबर कोणत्या विमानात बसेल हे रोज नव्याने ठरवा. आपल्याकडे सातारा-कोल्हापूर भागात वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. डेजेटने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द याच्या नेमका उलटा होता. सीट एकदा विकली की विमान जाणार, मग त्यात एकच माणूस असो. जीप भरण्याचे काम मागच्या खोलीतल्या संगणकाने करायचे, आणि प्रवाशाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही.

एक बुकिंग, जवळून

सेवा सुरू झाली तेव्हा पाच विमानतळ होते : बोका रॅटन, गेन्सव्हिल, लेकलँड, पेन्साकोला आणि टॅलाहासी. निवड विचारपूर्वक होती. गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठ, लेकलँड टॅम्पा आणि ऑर्लँडोच्या मधोमध, पेन्साकोला पार पश्चिम टोकाला आणि तिथे नौदलाचा मोठा तळ, टॅलाहासीला राज्याचा कारभार. कोणत्याही दोन गावांमध्ये कामाची ये-जा आहे, पण थेट विमान भरेल इतकी नाही.

समजा, आपल्या वकिलाला मंगळवारी टॅलाहासीला जायचे आहे. तो डेजेटचा सभासद आहे. तो संकेतस्थळावर दोन गोष्टी सांगतो : मी लवकरात लवकर किती वाजता निघू शकतो, आणि उशिरात उशिरा किती वाजता पोहोचले पाहिजे. समजा, पहाटे सहाच्या आधी निघणार नाही आणि सकाळी नऊच्या आत पोहोचायला हवे. प्रत्यक्ष उड्डाण तासाभराचे असते, म्हणजे त्याने कंपनीला दोन तासांची मोकळीक दिली. संगणक काही क्षणांत भाडे सांगतो. तोच माणूस म्हणाला की सहापासून दुपारी एकपर्यंत कधीही चालेल, तर भाडे उतरते. मैलाला साधारण १ ते ३ डॉलर असा पल्ला होता, आणि त्या पल्ल्यात आपण कुठे बसणार हे आपल्या मोकळीकीवर ठरायचे.

या एका कल्पनेबद्दल मला मनापासून आदर आहे. एअरलाइन उशिरा तिकीट काढणाऱ्याकडून जास्त पैसे घेते, कारण तो अडलेला असतो. डेजेट गिऱ्हाइकाकडून त्याची मोकळीक विकत घेत होती आणि तिची रोख किंमत त्याला देत होती. ज्याचा वेळ महाग त्याने जास्त द्यावे, ज्याला सवड आहे त्याने कमी द्यावे. व्यवहार स्वच्छ, दोघांनाही कळणारा.

नेमकी वेळ त्याला नंतर कळायची. त्याने दिलेल्या चौकटीत कुठेही त्याचे उड्डाण बसवण्याचा हक्क कंपनीकडे होता. वाटेत फार तर एक थांबा, विमान बदलायचे नाही. सकाळी तो छोट्या विमानतळावर यायचा, गाडी दाराशी उभी करायचा आणि थेट विमानाकडे जायचा. विमान एक्लिप्स ५००. दोन वैमानिक आणि मागे प्रवाशांच्या तीन सीट. आत ताठ उभे राहता येत नाही, वाकूनच सीटपर्यंत जावे लागते. खानपान नाही, हवाई सुंदरी नाही. तासाभराच्या प्रवासाला कुणाला त्याची गरजही नव्हती.

मागच्या खोलीतले गणित

प्रत्येक मागणी आली की दोन प्रश्न सोडवायचे. पहिला प्रश्न त्याच क्षणी : ही मागणी घ्यायची की नाकारायची? आधी घेतलेल्या सगळ्या मागण्या पाळून ही बसते का? दुसरा प्रश्न रात्री : उद्याच्या सगळ्या मागण्या हातात आहेत, आता विमाने, वैमानिक आणि प्रवासी यांची सर्वांत स्वस्त जुळवणी कोणती? त्यात वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांची कायदेशीर मर्यादा, विमानाच्या देखभालीच्या वेळा, प्रवासी आणि सामानाचे वजन, इंधन, रात्री विमान आपल्या तळावर परतण्याची गरज, हे सगळे धरायचे. जॉर्जिया टेक या संस्थेतल्या गणितज्ञांनी डेजेटसाठी या प्रश्नावर काम केले. या प्रकाराला त्यांनी ‘डायल-अ-फ्लाइट’ असे नाव दिले आणि त्यातून निघालेले शोधनिबंध आजही वाहतुकीच्या वेळापत्रकांवर काम करणारे लोक वाचतात.

कंपनीने आणखी एक गोष्ट केली. विमान हातात येण्याच्या आधीच संगणकात एक आभासी प्रदेश उभा केला. त्यात हजारो काल्पनिक प्रवासी, प्रत्येकाचे उत्पन्न, घाई आणि सवयी वेगळ्या. कोण गाडीने जाईल, कोण एअरलाइनने, कोण आपल्याकडे येईल, हे त्यांनी वारंवार चालवून पाहिले. कोणत्या गावात तळ उघडावा, भाडे किती ठेवावे, विमाने किती लागतील, हे तिथून ठरले.

आता या गणिताचा अवघड भाग. पाच विमानतळ म्हणजे जाण्या-येण्याच्या २० दिशा. दिवसाचे बारा तास धरले तर तास आणि दिशा मिळून २४० कप्पे झाले. एका विमानात दोन अनोळखी माणसे बसवायची तर दोघांची मागणी एकाच कप्प्यात, निदान शेजारच्या कप्प्यात पडली पाहिजे. दिवसाला पन्नास मागण्या असतील तर बहुतेक कप्प्यांत एकही माणूस नसेल आणि काही कप्प्यांत एक. म्हणजे तीन सीटांच्या विमानात एक जण. दिवसाला हजार मागण्या आल्या की तेच कप्पे आपोआप भरतात. आणि विमानतळ वाढवले तर दिशा त्याहून वेगाने वाढतात : पाचाचे दहा केले की २० दिशांच्या ९० होतात, कप्पे हजारावर जातात. त्यामुळे जास्त गावांना सेवा देणे हे विक्रीच्या दृष्टीने आकर्षक असले, तरी मागणी त्याच प्रमाणात वाढली नाही तर सीट आणखी रिकाम्या.

रिकाम्या फेऱ्यांचाही हिशेब आहे. टॅलाहासीला माणूस सोडला, पण तिथून पुढची मागणी गेन्सव्हिलहून असेल, तर मधला टप्पा विमान रिकामेच जाणार. समजा, दर तीन फेऱ्यांमधली एक रिकामी आणि उरलेल्या दोनमध्ये प्रत्येकी दोन माणसे. हे चित्र कागदावर बरेच चांगले दिसते, पण नऊ सीटांपैकी चारच सीट पैसे आणतात. त्या चार सीटांच्या भाड्यात दोन वैमानिकांचे पगार, इंधन, विमानाचा हप्ता, विमा, देखभाल आणि मुख्यालय हे सगळे बसवायचे. एक्लिप्स ५०० एका वैमानिकानेही चालवायला मंजूर होते, पण डेजेटने नेहमी दोन ठेवले. कंपन्यांचे अधिकारी नेणाऱ्या सेवेला दुसरे काही शोभलेही नसते. तरी त्याचा अर्थ असा की पाच माणसांच्या विमानात दोन जण पगारी होते.

म्हणून हा धंदा लहान प्रमाणात करून पाहता येत नाही. दहा खोल्यांचे हॉटेल चालले तर शंभर खोल्यांचे चालेल की नाही, याचा काहीतरी अंदाज येतो. इथे अठ्ठावीस विमानांवर दिसणारा तोटा दोनशे विमानांवर नफा होईल की आणखी मोठा तोटा होईल, हे अठ्ठावीस विमाने सांगू शकत नाहीत. ते फक्त संगणकातला आभासी प्रदेश सांगतो. आणि सावकार आभासी प्रदेशावर कर्ज देत नाही.

विमान

डेजेटचे सगळे गणित एका विमानाच्या किमतीवर उभे होते. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमधल्या एक्लिप्स एव्हिएशनने १९९८ पासून स्वस्त, हलक्या जेटचे स्वप्न विकायला घेतले होते. तिचे संस्थापक व्हर्न रेबर्न हेही संगणक उद्योगातलेच, मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या मंडळींपैकी. बिल गेट्स यांचे पैसेही त्यात होते. सुरुवातीची जाहीर किंमत साडेआठ लाख डॉलरच्याही आत. तोपर्यंत नवे जेट म्हटले की किंमत त्याच्या कित्येक पट असायची. इतके स्वस्त कसे? मोटारींसारखे वर्षाला शेकड्यांनी बनवायचे म्हणून. हजारो रिव्हेट ठोकण्याऐवजी पत्रे घर्षणाच्या उष्णतेने जोडायचे, कॉकपिटमधल्या सगळ्या यंत्रणा एका संगणकीय जाळ्यात आणायच्या, आणि नासाच्या संशोधन कार्यक्रमातून आलेल्या घराण्याचे विल्यम्स कंपनीचे चिमुकले इंजिन बसवायचे.

पहिले उड्डाण ऑगस्ट २००२ मध्ये झाले आणि इंजिनांची ताकद कमी पडते हे लगेच स्पष्ट झाले. विल्यम्सशी करार तुटला. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचे नवे इंजिन घ्यायचे ठरले. नवे इंजिन जड आणि जास्त ताकदीचे, म्हणजे विमानही जड झाले आणि आराखडा बराचसा नव्याने करावा लागला. अमेरिकी हवाई प्रशासनाचे पूर्ण प्रमाणपत्र सप्टेंबर २००६ च्या अखेरीस मिळाले, आणि कारखान्यातल्या उत्पादनाचे प्रमाणपत्र एप्रिल २००७ मध्ये. मूळ वायद्यापेक्षा जवळपास तीन वर्षे उशीर.

या तीन वर्षांत डेजेट काय करत होती? वाट पाहत होती, आणि वाट पाहण्याचा खर्च भरत होती. गणितज्ञ, सॉफ्टवेअर, परवान्याची तयारी, वैमानिक. २३९ विमानांची पक्की ऑर्डर देऊन डेजेट एक्लिप्सची सर्वांत मोठी गिऱ्हाईक झाली होती. हे नाते दोन्ही बाजूंनी धोक्याचे होते. एक्लिप्सची किंमत खाली राहायची तर डेजेटने शेकडो विमाने घ्यायला हवीत. डेजेटचे गणित बसायचे तर एक्लिप्सने ती स्वस्तात आणि वेळेत द्यायला हवीत. दोघांनी एकमेकांच्या यशावर आपापले यश गहाण ठेवले होते. त्याआधी निम्बस नावाच्या एका कंपनीनेही एअर टॅक्सीसाठी एक्लिप्सची १००० विमाने मागवली होती. ती ऑर्डर हवेतच विरली. त्या अनुभवानंतरही एक्लिप्सने पुन्हा एकाच मोठ्या खांबावर छप्पर टाकले, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

विमाने आली तेव्हा ती अपुरी होती. २००७ च्या सुरुवातीला एक्लिप्सने कॉकपिटच्या यंत्रणेचा मुख्य पुरवठादारच बदलला. सुरुवातीच्या विमानांत वचन दिलेल्या कित्येक सोयी नव्हत्या. त्या नंतर बसवून देऊ, असे सांगण्यात आले. बर्फ धरणाऱ्या ढगांतून उडण्याची मंजुरी जून २००८ पर्यंत नव्हती. फ्लोरिडात बर्फाचा काय संबंध, असे वाटेल. पण पंचवीस-तीस हजार फुटांवर फ्लोरिडाच्या ढगांतही बर्फ असतो, आणि तिथले दुपारचे वादळी ढग प्रसिद्ध आहेत. वेळेची हमी विकणाऱ्या कंपनीसाठी ही मोठीच अडचण.

मग ५ जून २००८ चा प्रसंग. विमान डेजेटचे नव्हते, पण जातकुळी तीच. शिकागोच्या मिडवे विमानतळावर एक एक्लिप्स ५०० उतरत होते. जमिनीजवळ वाऱ्याने अचानक दिशा आणि वेग बदलला. वैमानिकाने विमान सावरायला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे दांडे, जोराने शेवटपर्यंत पुढे ढकलले. विमान टेकले, त्याने थ्रॉटल मागे ओढले, पण इंजिने ऐकेनात. दोन्ही इंजिने पूर्ण ताकदीवर अडकली होती. मिडवेच्या धावपट्ट्या आखूड आणि चारी बाजूंना वस्ती. वैमानिकांनी विमान पुन्हा हवेत नेले, सूचनापुस्तिका काढली, एक इंजिन बंद केले. त्याबरोबर दुसरे इंजिन मंद गतीवर आले आणि तेही दाद देईना. तशाच अवस्थेत त्यांनी विमान उतरवले. टायर फुटले, पण आतले चौघेही सुखरूप राहिले.

कारण तपासात कळले. थ्रॉटलचा दांडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जोराने ढकलला की संगणकाला मिळणारा संकेत अपेक्षित पट्ट्याबाहेर जायचा. संगणक तो संकेत सदोष समजून टाकून द्यायचा आणि आधीचीच ताकद धरून ठेवायचा. दोन इंजिनांचे दोन संगणक, पण दोघांचा विचार एकच, म्हणून दोन्ही एकदम अडकली. आठवडाभरात प्रशासनाने सगळ्या एक्लिप्स ५०० साठी तातडीचा आदेश काढला. दोन इंजिने असण्याचा मुख्य फायदा हा की एकाचे दुखणे दुसऱ्याला लागू नये. इथे दुखणे दोघांच्या सामाईक मेंदूत होते. ज्या कंपनीच्या ताफ्यात फक्त हेच विमान आहे, तिच्या गिऱ्हाइकाच्या मनात या बातमीने काय आले असेल याची कल्पना करता येते.

घसरण

२००८ साल कोणत्याही विमान कंपनीला वाईट होते. जुलैत कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले. एक्लिप्सने विमानाची किंमत वाढवत २० लाख डॉलरच्या पुढे नेली. सुरुवातीच्या साडेआठ लाखांवर आखलेली कोणतीही योजना आता वेगळीच योजना झाली होती. डेजेटने मे महिन्यातच कर्मचारी कमी केले आणि २८ पैकी बरीच विमाने उभी करून ठेवली. नफ्यापर्यंत पोहोचायला आणखी काही कोटी डॉलर हवे होते, आणि ते देणारा मिळत नव्हता.

ताफा कमी करण्याचा निर्णय हिशेबाच्या वहीत शहाणपणाचा दिसतो. पण वर सांगितलेले कप्प्यांचे गणित आठवा. विमाने कमी केली की जुळवणीच्या शक्यता कमी होतात, जास्त मागण्या नाकाराव्या लागतात. गिऱ्हाइकाला दोनदा ‘जागा नाही’ असे उत्तर मिळाले की तो तिसऱ्यांदा विचारत नाही, गाडी काढतो. खर्च वाचवण्याचा प्रत्येक उपाय इथे धंद्याच्या मुळावर येत होता. अशा धंद्याला हळूहळू आटोपते घेता येत नाही.

सप्टेंबरचा तो आठवडा पाहा. १५ तारखेला लेहमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. १७ तारखेला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने एक्लिप्स ५०० ला प्रमाणपत्र कसे दिले गेले यावर सुनावणी घेतली. १९ तारखेला डेजेटने सेवा थांबवली. कंपनीने दोन कारणे सांगितली : भांडवल बाजार गोठला आहे, आणि एक्लिप्सने कराराप्रमाणे राहिलेली उपकरणे बसवून दिली नाहीत. २५ नोव्हेंबरला एक्लिप्सही दिवाळखोरीत गेली. तोपर्यंत तिच्या कारखान्यातून सुमारे २६० विमाने बाहेर पडली होती.

दोष कुणाचा?

मंदीचा, हे उत्तर सोपे आहे आणि ते मला अपुरे वाटते. मंदी नसती तर डेजेट आणखी एखादे वर्ष जगली असती, पण तिच्यासमोरचा मूळ पेच तसाच राहिला असता. मागणी नव्हती, असेही मी म्हणणार नाही. फ्लोरिडातल्या त्या रस्त्यांवर रोज माणसे सात-सात तास गाडी चालवत होती, आणि डेजेटने एकदा प्रवास केलेल्यांना ती सेवा आवडलीही.

माझे मत असे की डेजेटने दोन अनिश्चित गोष्टी एकावर एक रचल्या. लोक सीट वाटून घेतील का आणि किती दाट मागणी लागेल, ही पहिली. कधीच न बनलेले विमान कधीच न दिलेल्या किमतीत मिळेल का, ही दुसरी. यातली पहिली गोष्ट तपासायला दुसरीची गरज नव्हती. त्याच काळात सेसनाचे सायटेशन मस्टँग हे लहान जेट बाजारात आले. तेही सप्टेंबर २००६ मध्येच प्रमाणित झाले. ते एक्लिप्सच्या मूळ किमतीपेक्षा खूप महाग, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण. पुढे त्याची साडेचारशेहून अधिक विमाने विकली गेली. मस्टँगवर किंवा चांगल्या टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या इंजिनाच्या विमानावर, दोन-तीन गावांमध्ये, सीटमागे तोटा सोसून ही सेवा २००४ मध्येच चालवली असती, तर लोकांची मोकळीक खरोखर किती असते, एका कप्प्यात दोन माणसे किती वेळा पडतात, हे प्रत्यक्ष माणसांवरून कळले असते. मस्टँग तेव्हा नव्हते हे खरे, पण टर्बोप्रॉप होते. तोटा झाला असता, पण हातात आभासी प्रवाशांऐवजी खऱ्या प्रवाशांचा हिशेब आला असता. तो दाखवून पुढचे भांडवल मागता आले असते.

याला उत्तर म्हणून कुणी सांगेल की महागड्या विमानावर प्रयोग केला असता तर भाडे इतके चढले असते की मागणीच वेगळी दिसली असती. आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच तोटा सोसून, असे मी म्हटले. पाच वर्षे विमानाची वाट पाहत जो पैसा गेला, त्याचा एक वाटा अशा प्रयोगावर घालवणे मला जास्त पटते.

नंतर

लहान जेटने छोटे व्यावसायिक प्रवास करणे काही थांबले नाही. अख्खे विमान भाड्याने देणारे चार्टर आहेत, एकाच विमानाचे हिस्से विकणारी नेटजेट्ससारखी कंपनी १९८० च्या दशकापासून टिकून आहे. त्यांचे गणित सोपे असते : विमान भरले काय, रिकामे गेले काय, पैसे एकाच गिऱ्हाइकाने दिलेले असतात. सीट विकणाऱ्यांमध्ये जेएसएक्स तगली. तीही खासगी टर्मिनलवरून, रांगेशिवाय प्रवासी नेते, पण विमान तीस सीटांचे आणि वेळ आधी ठरलेली. म्हणजे आयाकोबुच्ची यांनी वेळ निवडण्याची जी मुभा गिऱ्हाइकाला देऊ केली होती तीच काढून घेतल्यावर हिशेब बसला.

महाराष्ट्रातही या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली, बीचक्राफ्ट १९०० डी या १९ आसनी टर्बोप्रॉपवर. इथे तिकिटाला सरकारी टेकू होता आणि वेळापत्रक ठरलेले होते. तरी मोजक्या विमानांवर सेवा नियमित ठेवणे जड गेले. एक विमान देखभालीला गेले की मार्गच बंद. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत कंपनीचे काम थांबले. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी मुंबईत उतरून संध्याकाळी घरी परतायचे असते, आणि आज विमान आहे की नाही हेच नक्की नसेल तर तो आदल्या रात्रीची रेल्वेच धरतो. छोट्या प्रवासाच्या गिऱ्हाइकाला वेग नंतर हवा असतो, भरवसा आधी. टॅलाहासीला जाणाऱ्या वकिलाचेही तेच होते.

आयाकोबुच्ची २०१३ मध्ये वारले. एक्लिप्सची मालमत्ता २००९ मध्ये नव्या मालकांकडे गेली. राहिलेली उपकरणे बसवून, दुरुस्त करून त्यातली बरीच विमाने खासगी मालकांच्या हातात उडत राहिली. त्या मालकांच्या दृष्टीने ते चांगले, कमी इंधन पिणारे छोटे जेट आहे.

फ्लोरिडातच ही गोष्ट आणखी एकदा घडू पाहत होती. २०२० च्या अखेरीस जर्मनीच्या लिलियम कंपनीने ऑर्लँडोजवळ लेक नोना इथे विजेवर उडणाऱ्या, सरळ वर उठणाऱ्या विमानांचा तळ उभारण्याची घोषणा केली. राज्यभर असे तळ जोडून गावोगावी लोकांची ने-आण करायची, अशी ती योजना. विमान अजून बनत होते, मागणीचा अंदाज नमुन्यांवर होता आणि जाळे विमानाच्या भरवशावर आखले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिलियमने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा त्या विमानाला प्रवासी नेण्याचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते.